१९८४ साली तुमच्या घरात काय चाललं होतं? अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात माळा आवरताना आईचं १९८४चं कॅलेंडर सापडलं. तारखांच्या चौकोनात दुधाचा हिशोब, गॅसची तारीख, मावशीच्या येण्याची तारीख आणि मधेच बारीक अक्षरात देशाच्या बातम्या. ३ एप्रिल, 'राकेश शर्मा अवकाशात'. ३१ ऑक्टोबर, 'इंदिराबाई गेल्या'. १ नोव्हेंबर, 'बंद. दूध नाही'. आई आता नाही, तिला विचारता येत नाही, म्हणून तुम्हाला विचारतेय. ते एक वर्ष तुमच्या घरात कसं आलं ते लिहा. तारखा पुस्तकात मिळतात, मला घरातलं हवंय.

*

आमच्याकडे सांगलीत राकेश शर्मांचंच वर्ष. मी चौथीत. गल्लीत एकच टीव्ही, काकूंच्या घरी, सतरंजीवर आम्ही चाळीसेक जण दाटीवाटीने. इंदिराजींनी विचारलं वरून भारत कसा दिसतो आणि ते 'सारे जहाँ से अच्छा' म्हणाले तेव्हा आजोबा उठून उभे राहिले, मागच्यांना दिसेना तरी कुणी 'बसा' म्हटलं नाही. आठवडाभर आम्ही पोरं रात्री गच्चीवर जाऊन प्रत्येक हलत्या ताऱ्याला हात करायचो.

*

पुण्यातल्या म्हात्रे पुलावरून रोज हजारो लोक जातात, किती जणांना माहितीय तो कुणाच्या नावाचा आहे? रवींद्र म्हात्रे, बर्मिंगहॅमला आपल्या वकिलातीच्या कार्यालयात होते. फेब्रुवारी १९८४मध्ये काश्मिरी फुटीरतावाद्यांनी त्यांना पळवून नेलं, तिहार तुरुंगात असलेल्या त्यांच्या नेत्याच्या, मकबूल भटच्या सुटकेची मागणी केली आणि मग ठार मारलं. मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन ते घरी निघाले होते. माझे वडील पेपर वाचताना त्या केकपाशी थांबले आणि पेपर घडी करून ठेवून दिला, ते मला अजून दिसतं. ११ तारखेला भटला तिहारमध्ये फाशी झाली. वर्षाची सुरुवातच अशी होती, आपण मात्र ऑक्टोबरपासून आठवायला लागतो.

*

३१ ऑक्टोबर. दिवाळी नुकतीच झालेली, शाळेला सुट्टी, फराळाचे डबे अजून भरलेले. सियालकोटला भारत-पाकिस्तान मॅच होती आणि वेंगसरकर खेळत होते, ९४ नाबाद, आम्ही दादरच्या चाळीत शंभराची वाट बघत रेडिओला चिकटलेलो. मॅच तिथेच थांबली. आधी काही कळेना, मग कुणीतरी म्हणालं बीबीसीवर सांगतायत. आकाशवाणीने मात्र संध्याकाळपर्यंत 'गेल्या' असं म्हटलं नाही, नुसतं गंभीर संगीत चालू, आणि त्या संगीतावरूनच आजीने ओळखलं. तिने देवाजवळचा दिवा लावला आणि म्हणाली, बाई माणूस होती गं, घरातच मारली.

*

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. आम्ही तेव्हा दिल्लीत, यमुनापार. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. वरच्या मजल्यावर सरदारजींचं कुटुंब, आम्ही त्यांना चाचाजी-चाचीजी म्हणायचो, चाचीजी माझ्या आईकडून पुरणपोळी शिकलेल्या. १ नोव्हेंबरला सकाळपासून धूर दिसायला लागला. बाबांनी चौघांना आमच्या आतल्या खोलीत आणलं, बाहेरच्या खोलीत आईने मुद्दाम पाट मांडून भाजी निवडायला घेतली. लोक आले तेव्हा त्यांच्या हातात रॉकेलचे डबे आणि कागद होते, कागदावर घरांचे नंबर. बाबा दारात उभे राहून म्हणाले वरचे लोक पंजाबला गेलेत. ते वर गेले, सामान जाळलं, निघून गेले. तीन दिवस चाचाजींचा मुलगा, माझ्याच वयाचा, आमच्या पलंगाखाली झोपला. तिसऱ्या रात्री चाचीजींनी स्वतःच्या हाताने त्याचे केस कापले. त्यांना रडू आलं नाही, माझ्या आईलाच आलं. ते केस त्यांनी दुपट्ट्यात बांधून बरोबर नेले.

सरकारी आकडा नुसत्या दिल्लीत २,७३३ मृत्यूंचा आहे. याला 'दंगल' म्हणतात तेव्हा मला राग येतो. दंगलीत दोन बाजू असतात, आमच्या गल्लीत एकच बाजू आली होती.

*

मला ऑगस्टमधलं आठवतं. मी नाशिकला शाळेच्या टीममध्ये धावायचे. पी. टी. उषाचं पदक लॉस एंजेलिसला ४०० मीटर हर्डल्समध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेलं, ५५.४१ आणि ५५.४२. आमच्या बाईंनी स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं आणि सांगितलं, चालू कर आणि लगेच बंद कर. जमेल तितक्या चपळाईने दाबूनही एवढा कमी वेळ कधी आला नाही. त्याच वर्षी मे महिन्यात बचेंद्री पाल एव्हरेस्टवर पोचल्या होत्या. माझ्या वडिलांनी मला हाफ पँटमध्ये धावायची परवानगी त्या वर्षी दिली.

*

लालबाग. गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला, ८४मध्ये कुणी तो संपला असं म्हणत नव्हतं आणि चालू आहे असंही धड म्हणता येत नव्हतं. वडील घरी, आई खानावळीचे डबे करायची. डिसेंबरात निवडणूक आली, सगळ्या देशात काँग्रेसची लाट, ५१४ पैकी ४०४ जागा, भाजपला दोन. आणि आमच्या दक्षिण मध्य मुंबईतून संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत निवडून आले! इंदिराबाईंसाठी आमच्या चाळीतल्या बायका रडल्या होत्या, त्याच बायकांनी मत डॉक्टरांना दिलं. वडील मतमोजणीच्या रात्री गुलाल लावून आले, दोन वर्षांत पहिल्यांदा हसताना बघितलं त्यांना. गिरणी काही सुरू झाली नाही.

*

इतके दिवस वाचत होतो, आज लिहितो. भोपाळ. वडील रेल्वेत, आमचं क्वार्टर स्टेशनजवळच्या कॉलनीत. २ डिसेंबरची रात्र, रविवार. मध्यरात्रीनंतर आईला ठसका लागून जाग आली, तिला वाटलं शेजारी कुणीतरी मिरच्या जाळतंय. खिडकी उघडली आणि तीच चूक झाली. डोळे उघडेनात, बाहेर सगळे एकाच दिशेने पळत होते म्हणून आम्हीही पळालो. मागाहून कळलं, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला होता. पळणाऱ्याचा श्वास जोरात चालतो, जास्त वायू आत जातो, आणि हा वायू हवेपेक्षा जड म्हणून जमिनीलगत राहतो, म्हणजे लहान मुलांच्या नाकाशी. ओलं फडकं तोंडावर धरून घरातच बसले त्यांतले बरेच वाचले. एवढं साधं कुणी आधी सांगितलं असतं तर. कारखाना वर्षानुवर्षं तिथे होता, ६१० नंबरच्या टाकीत चाळीसेक टन मिथाइल आयसोसायनेट होतं आणि आसपासच्या वस्तीत कुणाला त्याचं नावही माहीत नव्हतं.

माझी धाकटी बहीण चार वर्षांची होती. वडिलांच्या खांद्यावर होती, सकाळी खाली उतरवली तेव्हा गेलेली होती. वडील स्टेशनच्या दस्तगीर साहेबांबद्दल बोलायचे, त्यांनी उभी गाडी वेळेआधी सोडायला लावली म्हणून कितीतरी लोक वाचले, पण बहिणीबद्दल मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. १६ डिसेंबरला उरलेलं रसायन संपवायला कारखाना पुन्हा चालवला तेव्हा अर्धं शहर गाठोडी घेऊन निघालं, आम्ही मनमाडला आत्याकडे आलो. आईच्या डोळ्यांतून पुढे कायम पाणी यायचं. लग्नाकार्यात लोक विचारायचे, का रडताय वहिनी, आणि ती म्हणायची, रडत नाहीये हो.

*

धागा मीच काढला होता. भोपाळचं वाचून कॅलेंडरमधलं डिसेंबरचं पान पुन्हा काढून बघितलं, आईने त्याबद्दल काय लिहिलंय म्हणून. ३ तारखेच्या चौकोनात लिहिलंय, 'गॅस आला'. सिलिंडर. सकाळीच आला असणार, बातमी यायच्या आधी. नंतर तिने पेन्सिलीने ते शब्द खोडायचा प्रयत्न केलेला दिसतो, पण शाई आहे, गेली नाही.