शब्दचर्चा: लुडेनडॉर्फ ‘रसदप्रमुख’ होता का?

प्रश्न: पहिल्या महायुद्धावरच्या एका मराठी लेखात एरिक लुडेनडॉर्फला ‘जर्मन लष्कराचा रसदप्रमुख’ म्हटलंय. टॅनेनबर्गची लढाई गाजवलेला सेनानी रसद कशी काय सांभाळत होता?

उत्तर: तो अनुवाद चुकलाय. मूळ पद ‘पहिला क्वार्टरमास्टर जनरल’. भारतीय लष्करात क्वार्टरमास्टर जनरल रसद आणि निवासव्यवस्था पाहतो, म्हणून ही गल्लत होते. प्रशियात, म्हणजे जर्मन साम्राज्यातल्या सर्वांत मोठ्या राज्यात, या हुद्द्याची कुळी निराळी आहे. फौजेच्या पुढे जाऊन वाटा हेरायच्या, तळाची जागा नेमायची, हे त्याचं जुनं काम, आणि त्यातूनच तिथला जनरल स्टाफ, म्हणजे युद्धाच्या योजना आखणारं अधिकारी मंडळ, वाढला. पेशवाईत असंच काम बिनीवाल्याकडे असे. विसाजी कृष्ण बिनीवाले आठवा. बिनी म्हणजे फौजेची आघाडी. ‘बिनीचा शिलेदार’ त्यातलाच.

पण लुडेनडॉर्फलाही बिनीवाला म्हणून चालणार नाही. ऑगस्ट १९१६ मध्ये हिंडेनबर्ग जनरल स्टाफचा प्रमुख झाला, तेव्हा याला ‘दुसरा प्रमुख’ हे पद देऊ केलं होतं. ‘दुसरा’ हा शब्दच त्याला नको होता. मग त्याने ‘पहिला क्वार्टरमास्टर जनरल’ हे नाव स्वतः निवडलं, आणि प्रत्येक निर्णयात बरोबरीची जबाबदारी मागून घेतली. नावात ‘पहिला’ आला तो असा. त्यामुळे पद मुळाबरहुकूम ठेवावं आणि पुढे ‘हिंडेनबर्गचा बरोबरीचा सहकारी’ असा खुलासा जोडावा.

प्रश्न: मग सरळ ‘लष्करी हुकूमशहा’ का म्हणू नये? तसंही वाचलंय.

उत्तर: त्याची सत्ता अफाट होती, हे खरं. डिसेंबर १९१६ च्या कायद्याने १७ ते ६० वयाच्या पुरुषांना युद्धकामाला जुंपलं, त्यामागे याचाच रेटा होता. जुलै १९१७ मध्ये हिंडेनबर्ग आणि लुडेनडॉर्फ दोघांनी राजीनाम्याची धमकी दिली आणि चॅन्सेलर (सरकारप्रमुख) बेथमान हॉलवेगला जावं लागलं. पण स्वतः चॅन्सेलर तो कधीच झाला नाही, आणि २६ ऑक्टोबर १९१८ ला कैसरने (जर्मन सम्राटाने) त्याला पदावरून दूर केलं. हुकूमशहाला असं घरी पाठवता येत नाही. मी ‘सर्वेसर्वा’ लिहीन, तेही १९१६ ते १९१८ पुरतंच.

२९ सप्टेंबर १९१८ ला तातडीने युद्धबंदी मागा, असा आग्रह यानेच धरला. तरी नंतर ‘देशातल्याच लोकांनी सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला’ असं सांगत फिरणाऱ्यांत हा पुढे होता, म्हणून त्याला ‘पराभवाचा बळी’ म्हणणं मला अजिबात पटत नाही. १९२३ च्या म्युनिक उठावात (सत्ता बळकावण्याच्या फसलेल्या प्रयत्नात) तो हिटलरसोबत चालला, खटल्यात निर्दोष सुटला, १९२४ मध्ये राइखस्टागमध्ये (जर्मन संसदेत) निवडून गेला. १९२५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मात्र त्याला जेमतेम एक टक्का मतं पडली. या काळासाठी ‘माजी सेनानी’ पुरे.

आणि नावात ‘फॉन’ हे सरदारकीचं उपपद घालू नका. ते हिंडेनबर्गला लागतं. लुडेनडॉर्फ सरदार घराण्यातला नव्हता.