प्रौढांच्या वर्गात आधी दाखवायचं की आधी करू द्यायचं?
('मोजपट्टी', 'रात्रवर्ग' आणि 'टाचण' या टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

मोजपट्टी
प्रौढशिक्षकांच्या प्रशिक्षणात एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'प्रौढांना सांगू नका, त्यांना शोधू द्या.' मला हे पटत नाही. ज्याने एखादं साधन पहिल्यांदाच हातात घेतलंय, तो पन्नाशीचा असला तरी त्या साधनापुरता नवशिकाच आहे.

व्हर्निअर कॅलिपर घ्या, म्हणजे तुकडा जबड्यांत धरून बारीक माप घ्यायचं साधन, ०.०२ मिमी लीस्ट काउंटचा (त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप). मुख्य पट्टीवरच्या ४९ मिमीत सरकत्या पट्टीचे ५० भाग बसवलेले असतात. 'बघा जमतंय का' म्हणून तो हातात दिला, की माणसाला तुकडा सरळ धरणं, जबड्यांचा दाब, सरकत्या पट्टीची शून्याची रेघ, मुख्य पट्टीशी जुळणारी तिची रेघ आणि ०.०२ ने गुणाकार, सगळं एकदमच सांभाळावं लागतं. मनात एका वेळी साधारण चारच नव्या गोष्टी धरून ठेवता येतात आणि वय वाढलं म्हणून ही जागा वाढत नाही.

त्यापेक्षा पेटन यांनी १९९८ मध्ये वैद्यकीय प्रशिक्षणासाठी मांडलेले चार टप्पे घ्या. शिक्षक काहीही न बोलता नेहमीच्या वेगाने करून दाखवतो. मग तेच सावकाश, प्रत्येक पायरी बोलत. तिसऱ्या वेळी शिकणारा पायऱ्या सांगतो आणि शिक्षक त्या बरहुकूम करतो. चौथ्या वेळी शिकणारा बोलत बोलत स्वतः करतो. तिसरा टप्पा कधीही गाळू नये. हात गुंतलेले नसल्यामुळे डोक्यातला क्रम तिथेच तपासून निघतो.

आणि ज्यांच्या नावावर हे 'शोधू द्या' खपवलं जातं, त्या प्रौढशिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनीही आपली भूमिका सौम्य केली होती. १९७० च्या पुस्तकाच्या उपशीर्षकात प्रौढशिक्षण 'विरुद्ध' बालशिक्षण असा सामना होता. १९८० च्या आवृत्तीत तो एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा प्रवास झाला.

रात्रवर्ग
असहमत. तुमचा 'नवशिका' कोऱ्या पाटीसारखा येत नाही. टेपने मापं घेणाऱ्याला कडेपाशी येणारा आकडा वाचायची सवय असते. कॅलिपर हातात आला की तो शून्याची रेघ सोडून सरकत्या पट्टीच्या कडेशी वाचतो. तुमच्या मूक प्रात्यक्षिकात त्याला हात दिसतात, तुमची नजर कुठे आहे ते दिसत नाही. तो मान डोलावतो आणि सवय जिथल्या तिथे राहते.

म्हणून आधी दहा मिनिटं करू द्या. माहीत असलेल्या मापाचे तीन तुकडे द्या आणि प्रत्येकाला बिननावाच्या चिठ्ठीवर वाचन लिहू द्या. समजा खरं माप २३.३४ आहे, म्हणजे मुख्य पट्टीवर २३ आणि जुळणारी रेघ सतरावी (१७ × ०.०२ = ०.३४). कुणी २३.१७ लिहिलं तर त्याने रेघा मोजल्या पण ०.०२ ने गुणलं नाही. २३.३० आलं तर फक्त छापील आकडा ३ वाचला, त्यापुढच्या दोन बारीक रेघा सोडल्या. पूर्णांकच चुकला असेल, तर बहुधा कडेशी वाचलं. तीन चुका, तीन कारणं, आणि मग शिकवणीही तीन तऱ्हेची. 'समजलं का?' विचारून यातलं काहीच हाती लागत नाही. सगळे 'हो'च म्हणतात.

मनू कपूर यांनी २००८ पासून मांडलेली 'फलदायी अपयशा'ची कल्पना याच्या जवळची आहे. आधी धडपड, मग शिकवणी.

मोजपट्टी
कपूर यांच्या मांडणीतला दुसरा भागही तितकाच मोठा आहे. धडपडीनंतर शिक्षकाने तेच प्रयत्न समोर घेऊन नीट शिकवायचं असतं. वर्गात हा भाग वेळेअभावी उडतो आणि उरतं ते नुसतं अपयश. शाळेत 'तुला येत नाही' हे वारंवार ऐकलेला माणूस त्यानंतर पुढच्या आठवड्यात येतोच असं नाही.

शिवाय ही कल्पना संकल्पनांसाठी ठीक आहे. ग्राइंडरवर कुणाला धडपडू देणार? तिथे चष्मा, गार्ड, टूल रेस्टचं अंतर हे सगळं चक्र सुरू व्हायच्या आत सांगायलाच हवं.

चिठ्ठ्यांची युक्ती मात्र मी घेईन. फक्त तिला शोध म्हणू नका, ती पूर्वचाचणी आहे.

टाचण
दोघंही 'आधी काय' यावर अडलात. वर्ग फसतो तो दाखवणं कधी थांबवायचं हे न कळल्यामुळे. कल्युगा, स्वेलर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये याला नाव दिलं : नवख्याला उपयोगी पडणारं सविस्तर मार्गदर्शन जाणकाराच्या आड येतं. प्रौढांच्या एकाच वर्गात दोघंही बसलेले असतात.

म्हणून आधार पायरीपायरीने काढायचा. समजा स्प्रेडशीटमध्ये एका सेलमधला दर खालच्या सगळ्या नगांना लावायचाय. पहिलं उदाहरण पूर्ण सोडवलेलं द्या, दराचा पत्ता जागेवर पक्का ठेवणाऱ्या डॉलरच्या चिन्हासकट. दुसऱ्यात तेवढं चिन्ह काढून ठेवा. सूत्र खाली ओढलं की दराचा पत्ताही एकेक ओळ घसरतो, रिकाम्या सेलवर जातो आणि उत्तरं शून्य येतात. ते शून्य का आलं हे त्यांनी सांगायचं. तिसरं कोरं. ज्याचं दुसरं लगेच जमलं त्याला पहिल्यावर परत बसवू नका. जाणकार मंडळी कंटाळतात ती इथे.

आणि मोजपट्टी, पेटनचे टप्पे मुळात एकास एक शिकवण्यासाठी आहेत. सोळा जणांच्या वर्गात तिसऱ्या टप्प्याला एक जण बोलतो आणि पंधरा ऐकतात. तिघांचे गट करा : एक सांगेल, एक करेल, तिसरा पायऱ्यांची यादी धरून खुणा करेल. मग अदलाबदल.

रात्रवर्ग
तिघांचा गट मान्य. पण यादी धरणाऱ्याला नजर कुठे ठेवायची तेही लिहून द्या, नाहीतर तो फक्त हात तपासेल. 'जबडे मिटवून झीरो एरर बघितली का' ही पहिली ओळ. मिटलेले जबडे +०.०४ दाखवत असतील, तर वाचनातून ०.०४ वजा. शेवटची ओळ दाबाची : सरकता जबडा जोरात दाबला की तो किंचित कलतो आणि माप कमी येतं.

पूर्वचाचणी म्हणा हवं तर, पण ती शिकवणीच्या आधीच राहील. शिकवून झाल्यावर घेतलीत तर जुनी सवय दहा मिनिटं दबून बसते आणि आठवड्याने पुन्हा वर येते.

मोजपट्टी
मग तीच चाचणी आठवड्याने, वेगळ्या तुकड्यांवर, पुन्हा घ्या. दाखवणं आधी आलं की नंतर, याचा निकाल त्याच चिठ्ठ्यांत लागेल.