जिताड्याला जखमा पडतायत, विब्रिओ बॅक्टेरियाच आहे हे कसं ओळखायचं?

खाडीकर: मनोरीच्या खाडीत आमचे जिताड्याचे पिंजरे आहेत. ऑक्टोबर हीट सुरू झाली तसे मासे खायचे कमी झाले, मग पोटाखाली लाल चट्टे, शेपटीकडची खवलं गळून जखमा, एक-दोघांचे डोळे पण बाहेर आलेत. खाद्यवाला म्हणतो विब्रिओच आहे, खाद्यातून अँटिबायोटिक चालू करा. नुसतं बघून कळतं का असं?

प्लेटवाली: नाही हो दादा. लाल चट्टे विब्रिओने येतात तसे स्ट्रेप्टोकोकस नावाच्या दुसऱ्या बॅक्टेरियाने पण येतात, त्यात डोळे बाहेर आलेत म्हणजे तो डोक्यात ठेवायलाच हवा. आधी कल्ल्याचा आणि कातडीवरच्या चिकट्याचा नमुना काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघा, किडे असतील तर जखम त्यांची आणि बॅक्टेरिया मागून घुसलेले, असं खूपदा निघतं. तपासणीला तरंगणारा मेलेला मासा नेऊ नका, मेल्यावर आतड्यातले बॅक्टेरिया सगळीकडे पसरतात, मग बॅक्टेरिया वाढवायच्या प्लेटवर नुसती खिचडी. धापा टाकणारा पण जिवंत असलेला न्या. जखमेवरचा स्वॅब एकटा कामाचा नाही, किडनी, प्लीहा आणि डोळेवाल्याचा मेंदू, तिथून घ्यायचं. आणि औषध त्याआधी अजिबात देऊ नका, नाहीतर प्लेट कोरी येते.

खाडीकर: मागे एकाने प्लेटवर पिवळं आलं म्हणून विब्रिओ सांगितलेलं.

जुना_मत्स्यवाला: टीसीबीएस या विब्रिओसाठीच्या प्लेटवर पिवळं म्हणजे तो साखर खातो, एवढंच! विब्रिओच्याच जातींत अल्जिनोलिटिकस पिवळा, व्हल्निफिकस बहुतेक हिरवा, हार्वेयी दोन्हीकडे नाचतो. आणि टेनासिबॅक्युलम, जो तोंड आणि शेपटी कुजवतो, तो त्या प्लेटवर उगवतच नाही, त्याला मरीन अगार (समुद्री क्षारांचं माध्यम) लागतं. म्हणून ग्राम स्टेन (बॅक्टेरिया रंगवून बघायची तपासणी) आधी, गुलाबी वाकडी काडी दिसली तर विब्रिओकडे जा, जांभळ्या मण्यांची माळ दिसली तर स्ट्रेप. साध्या अगारमध्ये दीड-दोन टक्के मीठ घालायला सांगा, कॉलेजच्या लॅबवाले हेच विसरतात. पक्कं नाव पाहिजे तर पीसीआर (डीएनए तपासणी), पण हार्वेयी आणि त्याचा जवळचा कॅम्पबेली नुसत्या १६एस जीनवर नीट सुटत नाहीत. वर्सोव्याला सीआयएफई (केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था) आहे, आधी फोन करून विचारा.

खाडीकर: न्यायचा कसा? बर्फात?

प्लेटवाली: ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत जिवंत गेला तर उत्तम. नाहीतर पिशवीत बांधून बर्फावर, फ्रीझरमध्ये नको. हाताला काटा लागलाय का बघा, ग्लोव्हज घाला, व्हल्निफिकस माणसाला पण सोडत नाही.

खाडीकर: बोटाला कापलेलंच आहे 😅 ग्लोव्हज आणतो. खाद्यवाल्याला तूर्त थांब म्हटलंय.