लंडनच्या लॉन रोड फ्लॅट्सला ग्रेड वन दर्जा कशासाठी?

सायली_ठाणे
नमस्कार मंडळी, मी सध्या लंडनमध्ये मास्टर्स करतेय (विषय आर्किटेक्चर नाही). आईबाबा आलेत, बाबांना किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर बघायचंच होतं, ते बघून झालं, हवा छान होती म्हणून तसेच पायी बेलसाइझ पार्ककडे निघालो आणि लॉन रोडवर एक लांबलचक पांढरी, म्हणजे नीट बघितलं तर किंचित गुलाबी झाक असलेली इमारत दिसली. नक्षी नाही, कमान नाही, खांब नाही, नुसत्या एकावर एक आडव्या काँक्रीटच्या गॅलऱ्या आणि बाहेरच्या बाजूने जिना. आई म्हणाली अगं ही तर आपल्या गिरगावातल्या चाळीसारखी दिसते. घरी येऊन शोधलं तर कळलं की ही लॉन रोड फ्लॅट्स उर्फ आयसोकॉन बिल्डिंग, १९३४ची, आणि चक्क ग्रेड वन, म्हणजे इंग्लंडमधल्या जपायच्या वारसा इमारतींचा सगळ्यात वरचा दर्जा! सेंट पॉल्स कॅथेड्रलला जो आहे तोच. बाबा तेव्हापासून विचारतायत की एवढ्या साध्या बिल्डिंगमध्ये जपण्यासारखं नेमकं काय आहे, की तिथे मोठमोठे लोक राहिले म्हणून दर्जा दिलाय? कुणी जाणकार समजावून सांगेल का?

जुनी_भिंत
सायली, बाबांचा प्रश्न अगदी रास्त आहे. मी पुण्यात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो आणि ही इमारत माझी फार लाडकी आहे, त्यामुळे जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

ही इमारत रस्त्यावरून अर्धीच कळते, खरी गोष्ट आतल्या खोलीत आहे. १९२९ साली फ्रँकफर्टला आधुनिक आर्किटेक्ट लोकांची परिषद झाली होती, विषय हाच की माणसाला नीट जगायला कमीत कमी किती जागा लागते. युरोपात महायुद्धानंतर घरांची प्रचंड टंचाई होती, त्यामुळे हा प्रश्न पुस्तकी नव्हता. लंडनमध्ये जॅक आणि मॉली प्रिचर्ड या नवराबायकोने तो मनावर घेतला. जॅक प्लायवूडच्या धंद्यातला, मॉली मानसोपचाराच्या क्षेत्रातली. त्यांनी वेल्स कोट्स या आर्किटेक्टला गाठलं. हा कोट्स शिकला इंजिनिअरिंग, जन्म टोकियोचा, लहानपण जपानात गेलेलं, आणि तिथल्या घरांचा मोकळेपणा त्याच्या कामात दिसतो असं माझं मत आहे.

आता खोली बघा. छोटा फ्लॅट साधारण २५ चौरस मीटरचा. एकच मुख्य खोली, तिला लागून इवलंसं किचनेट, कपडे बदलायची जागा आणि स्वतःची बाथरूम. कपाटं, शेल्फ हे सगळं आधीच भिंतीत बसवलेलं. म्हणजे भाडेकरूने आपली एखादी आवडती खुर्ची, गालिचा आणि पुस्तकं घेऊन यायचं आणि राहायला लागायचं. किचनेट मुद्दाम लहान ठेवलं कारण खाली सगळ्यांसाठी एक मोठं स्वयंपाकघर होतं, तिथून जेवण छोट्या लिफ्टने वर यायचं. साफसफाई, बिछाना घालणं, धुणं, अगदी बुटांना पॉलिशसुद्धा करून मिळायचं. नोकरी करणारी एकटी माणसं आणि मूल नसलेली जोडपी डोळ्यांसमोर ठेवून केलेलं घर आहे हे. १९३३ला एका प्रदर्शनात कोट्सने या खोलीचा खराखुरा नमुना उभा करून लोकांना दाखवला होता. आज आपण ज्याला सर्व्हिस अपार्टमेंट म्हणतो त्याचा इतका पूर्ण विचार ९० वर्षांपूर्वी, प्लॅनपासून फर्निचरपर्यंत, एका हाताने झालेला आहे, आणि दर्जा त्याला आहे.

शिवाय सगळी इमारत आरसीसीची. लंडनमध्ये तेव्हा घरं म्हणजे विटा, त्यात संपूर्ण काँक्रीटची रहिवासी इमारत हे मोठं धाडस होतं. गॅलऱ्या बघितल्यात ना, खाली एकही खांब नाही, सगळ्या बाहेर झेपावलेल्या.

कोथरूडकर७७
वा, मस्त माहिती. वाचतोय.

बेलसाइझवाली
मी इथे जवळच राहते म्हणून माणसांबद्दल थोडं लिहिते. जर्मनीतून बाहेर पडलेले बाउहाउस या जर्मन डिझाइन शाळेचे तिघं, ग्रोपियस, ब्रॉयर आणि मोहोली-नॉज, इथेच आसऱ्याला होते आणि १९३७पर्यंत तिघंही अमेरिकेला गेले. ब्रॉयरने त्याच सुमाराला प्रिचर्डच्या कंपनीसाठी वाकवलेल्या प्लायवूडची लाँग चेअर केली, ती आजही बनते. खालच्या सामायिक स्वयंपाकघराच्या जागी आयसोबार नावाचा क्लब निघाला तोही ब्रॉयरचाच. युद्धात बॉम्ब पडत होते तेव्हा काँक्रीटची इमारत म्हणजे त्यातल्या त्यात सुरक्षित, म्हणून लोकांना इथेच राहायचं असायचं, अगाथा ख्रिस्ती १९४१ ते ४७ इथे होत्या. सोव्हिएत हेर आर्नोल्ड डॉइचही इथला भाडेकरू.

पण तेव्हा सगळ्यांना ती आवडत होती असं मुळीच नाही. १९४६ला होरायझन नावाच्या मासिकाने ब्रिटनमधली सगळ्यात कुरूप इमारत कुठली अशी स्पर्धा घेतली आणि त्यात हिचा दुसरा नंबर आला! पुढे १९६९ला प्रिचर्डनी विकली, १९७२ला ती कॅमडेन कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या पालिकेकडे आली आणि हळूहळू अशी खंगत गेली की शेवटी ओसाड पडली. पापुद्रे सुटलेले, गॅलऱ्यांवर गंजाचे ओघळ. ग्रेड वन मिळाला तो १९९९ला, म्हणजे ती नीटनेटकी असताना नव्हे तर अगदी वाईट अवस्थेत असताना. मग एका हाउसिंग असोसिएशनने (परवडणारी घरं देणारी संस्था) घेतली आणि अवांती आर्किटेक्ट्सनी २००३-०४मध्ये दुरुस्त केली. मला सगळ्यात आवडतं ते हे की बहुतेक फ्लॅट नर्स, शिक्षक अशा शहराला लागणाऱ्या नोकरदारांना भागमालकीच्या (घराचा काही हिस्सा विकत, उरलेल्याचं भाडं) योजनेत दिले. तिचं म्युझियम केलं नाही, माणसं राहतायत.

गिरगावची_सून
सायलीच्या आईंचं निरीक्षण भारी आहे, त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. लग्नानंतर बरीच वर्षं चाळीत काढलीत मी. गॅलरीतून थेट घरात शिरायचं, घराला पुढून मागून वारा, हे दोन्हीकडे सारखंच आणि कारणही तेच, आतला कॉरिडॉर वाचतो, जागा वाचते. पण बाकी गणित नेमकं उलटं आहे बघा. चाळीत प्रत्येकाची चूल वेगळी आणि संडास सामायिक. तिथे बाथरूम प्रत्येकाची आणि चूल सामायिक! कशात माणसाला आडोसा हवा आणि कशात सोबत चालेल याचं उत्तर दोघांनी वेगळं दिलं. चाळीत बाईच्या डोक्यावरचा स्वयंपाक काही कमी झाला नाही, तिथे तो प्लॅनमधूनच बाहेर काढला. मॉलीबाईंनी गरजा नीट मांडल्या असणार असं मला तरी वाटतं.

सायली_ठाणे
काय सुंदर प्रतिसाद आहेत सगळे, बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांचा पुढचा प्रश्न: माणसं राहतायत आणि दर्जा ग्रेड वन, मग काही बदलायचंच नाही का? गळलं, थंडी वाजली तर काय करायचं? आणि आत बघता येतं का?

जुनी_भिंत
बदलता येतं पण आधी परवानगी. इंग्लंडमध्ये लिस्टिंग (जपायच्या इमारतींच्या यादीतली नोंद) फक्त दर्शनी भागाला नसतं, आतलं पण त्यात येतं, त्यामुळे भिंत पाडणं, खिडक्या बदलणं, मूळचं कपाट काढणं यासाठी कौन्सिलची संमती लागते आणि न घेता केलं तर तो फौजदारी गुन्हा आहे. सगळ्या लिस्टेड इमारतींत ग्रेड वन जेमतेम अडीच टक्के, त्यामुळे तपासणी कडक. अशा इमारतीत खिडकीची चौकट हा सगळ्यात नाजूक विषय. स्टीलच्या बारीक चौकटी काढून जाड चौकटी टाकल्या की नक्षी नसलेल्या इमारतीचा चेहराच जातो, कारण तिच्याकडे त्या रेषा आणि प्रमाण सोडून दुसरं काही नसतं. नक्षीवाली इमारत असला मार थोडाफार सोसते, ही नाही सोसत.

आपल्याकडे हेच रोज बघतो. मुंबईत हेरिटेज नियमावली १९९५पासून आहे, ओव्हल मैदानासमोरची तीसच्या दशकातली आर्ट डेको शैलीतली घरं २०१८ला युनेस्कोच्या यादीत आली, तरी इतरत्र त्याच काळातल्या इमारतींच्या गोल बाल्कन्या अॅल्युमिनियमच्या स्लायडिंगने बंद होतायत. राहणाऱ्यांना दोष देत नाही, पाऊस आत येतो, खोली लहान पडते. पण दुरुस्तीला पैसा आणि माहितगार मिस्त्री दोन्ही मिळाले तर लोक जपतात, हे मी कामात पाहिलंय.

बेलसाइझवाली
आत बघायचं तर खाली जुन्या गॅरेजमध्ये २०१४पासून आयसोकॉन गॅलरी नावाचं छोटं प्रदर्शन आहे, प्रवेश फुकट, स्वयंसेवक चालवतात. मार्च ते ऑक्टोबर, शनिवार-रविवार, ११ ते ४. मूळ फर्निचर आणि फ्लॅटची मांडणी तिथे नीट कळते. वरच्या गॅलऱ्यांवर मात्र जाऊ नका, ती लोकांची घरं आहेत. बेलसाइझ पार्क स्टेशनपासून दहा मिनिटांत पोचाल, बाबांना चालायचा त्रास असेल तर परत स्टेशनकडे जाताना चढ लागतो तेवढं लक्षात ठेवा.