मदत हवी आहे: १ मीटरचा अँटेना खरंच रेडिएट करतो (लहरी सोडतो) की त्याची कोॲक्स केबल?

कोल्हापुरात राजारामपुरीत गच्चीवर हॅम रेडिओसाठी, ७.१ मेगाहर्ट्झला, ईएच पद्धतीचा १ मीटर उंचीचा अँटेना लावलाय. या पद्धतीवाल्यांचा दावा असा की ई (विद्युत) आणि एच (चुंबकीय) फील्ड एकाच फेजमध्ये आणली की आखूड अँटेना अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलच्या तोडीचा चालतो, जुनी थिअरी इथे लागू नाही.

हिशोब वेगळं सांगतो. तरंगलांबी ४२ मीटर, म्हणजे रेडिएशन रेझिस्टन्स (लहरी होऊन बाहेर पडणाऱ्या शक्तीचा रोध) साधारण ०.२२ ओहम. कॉइलने रद्द करायचा रिॲक्टन्स २२०० ओहम धरला आणि कॉइलचा क्यू (रिॲक्टन्स भागिले तोट्याचा रोध) २००, तर तोटा ११ ओहमचा. कार्यक्षमता जेमतेम २ टक्के! एसडब्ल्यूआर (जुळणीचं माप, १ म्हणजे उत्तम) १.२ येतो, पण तितका तर डमी लोडवरही, म्हणजे शक्तीची नुसती उष्णता करणाऱ्या रेझिस्टरवरही येतो, त्याचं कौतुक नको.

संशय १२ मीटरच्या कोॲक्सवर आहे, की खरी तीच रेडिएट करते. पाव तरंगलांबीच्या जवळपासच भरते ती. फीडपॉइंटला (केबल अँटेनाला जुळते तिथे) फेराइट चोक, म्हणजे केबलच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारा, घातला की एसडब्ल्यूआर २.८ होतो आणि सिग्नल पडतो. केबलला हात लावला तरी एसडब्ल्यूआर मीटरचा काटा हलतो.

विचारायचंय ते हे: दुसरा चोक रिगजवळ (रेडिओ सेटजवळ) लावावा की केबलच्या मध्यावर? ७ मेगाहर्ट्झला फेराइटचं ३१ मिक्स (मटेरियलचा प्रकार) घ्यावं की ४३? आणि क्लॅम्प-ऑन फेराइट, १० वेढे, जर्मेनियम डायोड नि १०० मायक्रोॲम्पचा मीटर असं करंट मीटर केलं तर कॅलिब्रेट कसं करायचं? एफटी२४० (मोठी फेराइट) रिंग कोल्हापूर-सांगलीत कुणाकडे जादा असेल तर तेही कळवा.