राख टाका म्हणे रानात!

सडाफटिंग: 'फिनलंड जंगलात हेक्टरी ३ ते ५ टन लाकडाची राख घालतं, आपणही सह्याद्रीत घालावी' ही पोस्ट वाचून राहवलं नाही. अर्धीच गोष्ट सांगितलीय. तिथे राख पडते ती मुख्यतः चर खणून निचरा केलेल्या पीटवरच्या (दलदलीत साचलेल्या अर्धकुजक्या वनस्पतींच्या थरावरच्या) जंगलात. पीटमध्ये नत्र भरपूर, अडतं ते स्फुरद-पालाशपाशी. राखेत ते दोन्ही असतात. नत्र भट्टीतच उडालेला. नत्राला महाग अशा मुरमाड जमिनीत तीच राख घाला, झाडं ढिम्म! आणि खालच्या मॉसचं (जमिनीवरच्या हिरव्या शेवाळीचं) काय? सुट्या राखेचा सामू (pH) १२ च्या आसपास, म्हणजे जहाल अल्कधर्मी. मॉसला मुळं नाहीत, बहुतेकांचं पान एका पेशीच्या जाडीचं. वर पडेल ते थेट आत. तपकिरी होऊन बसतं. स्फॅग्नम (पीटवरचं मुख्य मॉस) हटलं की गवतं आणि रासबेरी घुसतात.

पातेरा: सुटी राख घालतंय कोण? ओली करून ढिगात मुरवतात, त्यातला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आवळतो, मग फोडून चाळतात. नाहीतर सरळ गोळ्या करतात. हळूहळू विरघळते, चटका कमी. स्वीडनमध्ये १० वर्षांत हेक्टरी ३ टनांच्या वर घालू नका असंच सांगतात.

सडाफटिंग: कागदावर. न जळलेला कोळसा जास्त असला की राख आवळतच नाही, भुगाच पसरतो. राखेतलं कॅडमियम (विषारी धातू) तपासावं लागतं ते वेगळंच.

खाचरवाला: फिनलंड कशाला, आपला राब काय वाईट? भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर शेण, टहाळ (तोडलेल्या डहाळ्या), पातेरा (गळलेला पाला), गवत, वरून माती. वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं म्हणजे धुमसत जळतं. तणाचं बी भाजतं, रोप जोमदार.

कोयती बंद: झालं, आला राब! त्या टहाळासाठी ऐन-किंजळाचं दरवर्षी मुंडण होतं ते कोण बोलणार? पातेरा खरवडून नेला की रानाची जमीन उघडी, पहिल्याच पावसात माती ओढ्यात. तुमच्या वाफ्यातली राख म्हणजे रानाच्या तोंडचा घास आहे.

खाचरवाला: मुंबईत बसून सांगणं सोपंय. हेक्टरभर लावणीला १० गुंठे रोपवाटिका लागते, त्यातलं तण कोण बेणणार? तुम्ही?

कोयती बंद: गादीवाफा (उंच वाफा) करा. चारसूत्री भातलागवडीत चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मातीत मिसळायला सांगतात. सिलिका मिळतं, झाडाला हात लागत नाही. फक्त युरियाबरोबर कालवू नका, अमोनिया होऊन नत्र उडतो.

खाचरवाला: तुसाने तण भाजत नाही, साहेब. पण बरं, सिलिकाचं मान्य. तेवढंच.

पातेरा: धागा रानातल्या राखेचा होता ना?

सडाफटिंग: होता. कुणी सड्यावर (कातळाच्या पठारावर) टाकायला निघालं असेल तर एवढं ऐका: दवबिंदू, सीतेची आसवं या कीटकभक्षी वनस्पती तिथे टिकतात त्या जमीन भुकी आहे म्हणून. पोसलीत की गवत त्यांना झाकून टाकेल.

पातेरा: सड्यावर टाका असं मी कुठे म्हटलं?