मदत हवी आहे: फेअरपोर्ट कन्व्हेन्शनचं लाइव्ह 'स्लॉथ' कसं ऐकायचं?

सध्या फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या ब्रिटिश फोक-रॉक बँडचा 'हाऊस फुल' हा लाइव्ह अल्बम ऐकतोय, 1970 मध्ये लॉस एंजेलिसच्या ट्रुबाडोर क्लबमधे रेकॉर्ड झालेला, आणि अक्षरशः वेड लागलंय. गायिका सँडी डेनी तोवर बँड सोडून गेलेली, तरी 'मॅटी ग्रोव्ह्ज' हे गाणं काय जबरदस्त उभं केलंय!

अडलंय ते त्यातल्या 'स्लॉथ' या गाण्यावर. 'फुल हाऊस' या त्यांच्या दुसऱ्या अल्बमवरचं स्टुडिओ व्हर्जन बऱ्याचदा ऐकून झालंय, शब्दही वाचलेत, गायनाचा भाग नीट कळतो, पण मग रिचर्ड थॉम्पसनची गिटार आणि डेव्ह स्वारब्रिकचं फिडल सुरू होतं, सगळं खाली उतरतं, परत चढतं आणि कधीतरी माझ्या हातातून सम सुटते ती सुटतेच. वाजवणं इतकं सुंदर आहे की नुसतं छान छान म्हणून सोडवत नाही.

मी हिंदुस्तानी संगीत ऐकणारा, स्टाफ नोटेशन येत नाही, गिटारवर साधे कॉर्ड्स ओळखता येतात. हेडफोनवरच ऐकतो त्यामुळे वाद्यं वेगवेगळी कळतात. दुसरे अल्बम सुचवू नका प्लीज, आधी हेच नीट ऐकायचंय.

तर त्या मधल्या भागात कॉर्ड्सचं ठरलेलं आवर्तन फिरत असतं का, आणि जागा चुकू नये म्हणून कान कुठे ठेवू, डेव्ह पेगच्या बेसवर की सायमन निकोलच्या गिटारवर?